फी विचारायला फोन लावला, आणि कट केला

पत्र: ताई, नमस्कार. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, वय ३९. दादरला एका सहकारी बँकेत आहे, क्लेमचं टेबल बघते. घरी मिस्टर, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. मागच्या पावसाळ्यात बाबा गेले. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते ती येतेच. लोकलमध्ये कुर्ला गेलं की जीव घाबराघुबरा होतो, दारात उभं राहायची भीती वाटते. ईसीजी नॉर्मल आला. फॅमिली डॉक्टरांनी एका काउन्सेलरचा नंबर दिला. तीनदा फोन लावला आणि समोरून उचलायच्या आत कट केला, कारण फी किती हे विचारायचं कसं तेच कळेना. मैत्रीण म्हणते, तासाचे दीड हजार घेतात. आमच्या कपाटात पाकिटं असतात: दूध, क्लास, मेंटेनन्स, भिशी. दीड हजार म्हणजे मुलाच्या क्लासचं अख्खं पाकीट. मिस्टर म्हणतात, बोलायला पैसे कशाला, मी आहे ना. त्यांचंही चुकत नाही. किती वेळा जावं लागतं? गोळ्या देतात का? ऑफिसात कळतं का? आणि घर एवढंसं, ऑनलाइन म्हटलं तरी बोलणार कुठे?

नमस्कार,

एक गोष्ट आधी विचारते, बाकीचं नंतर. दारात उभं राहायची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंत. ती कशाची? धक्का लागेल, चक्कर येईल, तोल जाईल, याची? की आपल्याच हातून काही होऊन बसेल, याची? पत्रावरून मला ते ओळखता येत नाही, म्हणून सरळ विचारते. असं विचारल्याने कुणाच्या मनात नको तो विचार शिरत नाही. ज्याच्या मनात तो आधीच असतो त्याला कुणीतरी विचारलं म्हणून हायसंच वाटतं. दुसरी भीती असेल, अगदी क्षणभर चमकून जाणारी असली तरी, पैशांचा हिशेब बाजूला ठेवा. आज रात्रीच मिस्टरांना सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. विचार आवरेनासे झाले तर सायन हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, रात्र असली तरी. एकट्या जाऊ नका.

पुढचं मी पहिली भीती धरून लिहिते आहे.

हेही आधीच सांगून टाकते की मी स्वतः फी घेऊन समुपदेशन करते. त्यामुळे 'पैसे द्या, जा' असं मी म्हटलं तर तुम्ही ते पारखून घ्यावं हे बरोबरच आहे. म्हणून जिथे पैसे न देता किंवा अगदी थोडक्यात काम होतं त्या जागाही खाली लिहिल्या आहेत.

तुमचा तो कट केलेला फोन मला चांगला ओळखीचा आहे. माझ्याकडे लोक फोन करतात, दहा मिनिटं सगळी हकिगत सांगतात, रडतात, आणि शेवटी 'बरं, घरी विचारून कळवते' म्हणून ठेवतात. त्यातले बरेच फोन परत येत नाहीत. घरी विचारायचं फार काही नसतं. फीचं तोंडावर आलेलं असतं आणि विचारलं जात नाही. आपण दाढेला किती घेणार हे डेंटिस्टला बिनदिक्कत विचारतो. इथे मात्र वाटतं, बाबा गेल्याचं दुःख सांगायचं आणि लगेच त्याचा भाव करायचा, हे कसं दिसेल? अहो, काही वाईट दिसत नाही. उलट पैशांचं आधी बोलून घेतलं की मन मोकळं होतं. पहिला तासभर मनात मीटर पडत राहिला तर तुम्ही बाबांबद्दल बोलणार कधी?

मुंबईत एका सेशनचे हजार ते तीन हजार सर्रास घेतात. नावाजलेले लोक त्याच्या वर जातात, नुकते शिकून काम सुरू केलेले पाचशे-आठशेतही भेटतात. सेशन पाऊण तासाचं किंवा तासाचं. तुमच्या मैत्रिणीने सांगितलेले दीड हजार म्हणजे अवाच्या सवा नाहीत. आणि आमच्यातले पुष्कळ जण काही जागा कमी फीच्या राखून ठेवतात. हे पाटीवर लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. 'माझं बजेट सेशनला इतकं आहे, बसेल का?' एवढंच. नसेल बसत तर भला माणूस दुसऱ्या कुणाचा तरी नंबर देतो.

आता हिशेब. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला तो मी काय शिकवणार, पण फीच्या बाबतीत लोक एक चूक हमखास करतात. एका तासाचा आकडा धरतात आणि त्याला आयुष्यभराने गुणतात. तसं नसतं. पहिल्या एकदोन भेटी माहिती घेण्यात जातात. तुमच्यासारख्या त्रासाला, म्हणजे दुःख, झोप आणि प्रवासातली घाबरगुंडी, आठ ते बारा सेशन धरून चालायला हरकत नाही. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. समजा पहिला महिना दर आठवड्याला गेलात, मग तीन महिने पंधरवड्याला. दहा भेटी झाल्या. दीड हजाराने पंधरा हजार, तेही चार महिन्यांत, पहिल्या महिन्यात सहा आणि पुढे तीन-तीन. मोठी रक्कम आहे, मी ती छोटी करून सांगत नाही. पण तिला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि मध्ये थांबून विचारता येतं. चौथ्या भेटीला स्वतःच विचारा: 'आपण कुठवर आलो? अजून किती लागतील असं वाटतं?' या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडे पाचव्यांदा जाऊ नका. दहा-बारा सेशनचं पॅकेज आगाऊ घ्या, डिस्काउंट देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. आधी माणूस कसा वाटतो ते कळू दे. 'दोन सेशनमध्ये बरं करतो' म्हणणाऱ्याचा तर फोनच ठेवा.

क्लासच्या पाकिटातून मात्र पैसे काढू नका. काटकसरीचा सल्ला म्हणून सांगत नाही. त्या पाकिटातून काढलेत तर खुर्चीत बसून तुम्ही तासभर मुलाचंच देणं लागत राहाल. जी चार पाकिटं तुम्ही लिहिलीत त्यात तुमच्या नावाचं एकही नाही. भिशी तुमची असेल तर ती लागेपर्यंत थांबा, नाहीतर भेटी महिन्याला दोनच ठेवा, पण पाकीट वेगळं करा आणि त्यावर नाव घाला.

मिस्टरांबद्दल तुम्ही जे लिहिलंत, 'त्यांचंही चुकत नाही', ते वाचून बरं वाटलं. खरंच त्यांचं चुकत नाही. 'मी आहे ना' म्हणणारा माणूस घरात असणं हे फार मोठं आहे. पण बघा, तुम्ही त्यांच्याजवळ बोलायला लागलात की मधेच त्यांचा चेहरा बघता, हो ना? त्यांना वाईट वाटतंय असं दिसलं की 'जाऊ दे, तसं काही नाही' म्हणून विषय बदलता. आपल्या माणसाजवळ बोलताना आपण त्याला सांभाळत बोलतो. सासरेबुवा त्यांचेही कुणीतरी होतेच की. फी देऊन ज्याच्यासमोर बसता त्याला सांभाळायचं नसतं, त्याच्या चहाचं बघायचं नसतं, त्याचं ऐकून घ्यायचं नसतं. मी त्यांना हेच सांगेन: तुमची जागा कुणी घेत नाहीये. आणि आकडा त्यांच्यापासून लपवू नका, दहा भेटी आणि पंधरा हजार, कागदावर मांडून दाखवा. सासूबाईंना सांगायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर. नाही सांगितलंत म्हणून काही खोटं ठरत नाही.

जायचं कुणाकडे, यात लोकांचा फार गोंधळ होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, तो एमबीबीएस होऊन पुढे या विषयात एमडी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. गोळ्या लिहून द्यायचा अधिकार त्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. त्यांना सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक मिळतो, आणि तो विचारण्यात काहीही गैर नाही. काउन्सेलर म्हणजे समुपदेशक, यांचं साधारणपणे मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एमए झालेलं असतं. समुपदेशकही ज्यात येतात असा आरोग्य क्षेत्रातल्या सहयोगी व्यावसायिकांचा कायदा २०२१ साली केंद्राने केला खरा, पण पाटी लावणाऱ्या प्रत्येकाची पदवी कुणीतरी तपासलेलीच असेल असं धरून चालू नका. शिक्षण काय, किती वर्षं काम करता, आणि सुपरव्हिजन घेता का, म्हणजे आपल्याहून जाणत्या माणसाबरोबर केसेसवर बोलता का, एवढे तीन प्रश्न पुरेत. आठवड्याभराचा कोर्स करून 'लाइफ कोच' झालेल्यांकडे तुम्ही जावं असं मला वाटत नाही. तुमचा त्रास त्यांच्या आवाक्यातला नाही.

आणि मराठीत बोलता येईल का हे विचारा. हे मी फार कळकळीने सांगते. आपल्याकडे थेरपी इंग्रजीत घ्यायची असते असा एक समज पसरला आहे. तुम्ही 'जीव घाबराघुबरा होतो' असं लिहिलंत. कुणी म्हणतं काळजात लक्क होतं, कुणी म्हणतं कसनुसं होतं, पोटात खड्डा पडतो, काही गोड लागत नाही. या प्रत्येकात वेगळं काहीतरी सांगितलेलं आहे. ते सगळं 'अँक्झायटी' या एका शब्दात कोंबलं की समोरच्याला नाव कळतं, तुमचं काय होतंय ते कळत नाही. माझ्याकडे एक बाई यायच्या, ओळख लागू नये म्हणून बाकी काही सांगत नाही. आधी कुणाकडे तरी सहा महिने इंग्रजीत बोलून आल्या होत्या. माझ्यासमोर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'मला आईची सय येते.' आणि त्या शब्दाबरोबर जे रडू आलं ते त्या सहा महिन्यांत आलं नव्हतं. मराठीत मन ओळखायची परंपरा या शहरात जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलायची पद्धत, कि. मो. फडके यांनी मुंबईत मराठीतून शिकवली. ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली, तिथे मराठीत बोलणारी माणसं आहेत. विक्रोळीहून ठाणं तुम्हाला दादरइतकंच सोयीचं, आणि सकाळी निघालात तर गर्दीच्या उलट्या दिशेने.

पैशांचं जमतच नसेल तर केईएम, सायन, नायर या तिन्ही पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी आहे. केस पेपरचे पैसे नाममात्र. तिथले डॉक्टर चांगले असतात, गर्दी मात्र भयंकर, आणि दर आठवड्याला तासभर निवांत बोलायला मिळेलच असं नाही. सायनला जायचं तर अर्धा दिवस रजा टाकूनच जा. शिवाय देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची, म्हणजे टिसची, आयकॉल ही हेल्पलाइन २०१२ पासून आहे. तिथे प्रशिक्षित समुपदेशक फोनवर बोलतात, त्याचे पैसे पडत नाहीत. पहिला फोन करायचा धीर होत नसेल तर सुरुवात तिथून करा. तुमच्या बँकेने कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय केली आहे का तेही बघा. मोठ्या कंपन्यांत काही सेशन फुकट असतात आणि लोकांना पत्ताच नसतो.

गोळ्यांचं थोडक्यात. समुपदेशक गोळ्या देत नाहीत. बोलून फरक पडेनासा झाला, झोप अगदीच उडाली, तर ते स्वतःच सायकियाट्रिस्टकडे पाठवतात. 'एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत' ही भीती सगळ्या गोळ्यांना लागू नाही, पण झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं. म्हणून कुणी शेजारणीने दिली म्हणून घेऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेली आपल्या मनाने एकदम बंद करू नका. फॅमिली डॉक्टरांना थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायलाही सांगा. धडधड आणि थकवा तिथूनही येतो, आणि ईसीजीत ते दिसत नाही.

ऑफिसात कळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने तुम्हाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या परवानगीशिवाय समुपदेशक बँकेला काय, मिस्टरांनाही काही सांगू शकत नाही. याला अपवाद थोडे आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, कोर्टाने मागितलं तर, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर, कारण ते पोक्सो कायद्याने कळवावंच लागतं. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्या भेटीतच स्वतःहून सांगतो. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरायला लावलं आहे. पण आपल्या बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. त्यामुळे दर आठवड्याचं सेशन खिशातूनच करावं लागतं, ओपीडीचं वेगळं कव्हर असेल तरच सुटतं. पावती मात्र दरवेळी घ्या.

बोलणार कुठे, हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात मुंबईचा वाटला. माझ्याकडे ऑनलाइन येणारी माणसं कुठून कुठून बोलतात! गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून, सोसायटीच्या जिन्यात, पार्क केलेल्या गाडीत काचा वर करून. एक मुलगी दर गुरुवारी टाकीजवळून बोलायची. खाली पंप सुरू झाला की आम्ही दोघी गप्प बसायचो, टाकीत पाणी पडायचा आवाज ऐकत, आणि तो थांबला की ती सोडलेल्या वाक्यापासून पुढे बोलायची. जमतं, पण तुमच्याबाबतीत मी समोरासमोर जा असंच म्हणेन, निदान पहिल्या चारपाच भेटी. वन रूम किचनमध्ये दारापलीकडे सासूबाई टीव्ही बघत असताना तुम्ही बाबांबद्दल हळू आवाजातच बोलाल. दादरमध्ये बँकेच्या जवळ, सुटल्यावर साडेसहाची वेळ मिळाली तर उत्तम. सेशन संपल्यावर लगेच फास्ट लोकल पकडू नका. पंधरा मिनिटं कुठेतरी चहा घ्या, मग स्लो गाडीने निघा.

पहिल्या भेटीत काय होतं? एक फॉर्म भरायला देतात: नाव, वय, आधीचे आजार, गोळ्या, आणि अडीअडचणीला कुणाला फोन करायचा त्याचं नाव. संमतीचा एक कागद असतो, त्यात फी, वेळ, आणि सेशन रद्द करायचं तर किती आधी कळवायचं हे असतं. बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी, नाहीतर फी लागते. मध्य रेल्वेने येणाऱ्या माणसाने हे आधीच बोलून घ्यावं: गाड्या बंद पडल्या, पाणी भरलं, तर काय? मग ते विचारतात, 'काय झालं म्हणून आलात?' सगळं सांगायची सक्ती नाही. रडू आलं तर कुणी घाई करत नाही. नाही आलं तरी काही बिघडत नाही.

आणि माणूस पटला नाही तर बदलता येतो. माझी आई गेली तेव्हा मी स्वतः एका समुपदेशक बाईंकडे गेले होते. त्या बाई मी बोलत असताना दर थोड्या वेळाने फोन उलटा करून बघायच्या. मी दोनदा गेले, फी दिली, आणि मग वर्षभर कुणाकडेच गेले नाही, कारण मला वाटलं मलाच बोलता येत नाही. ते वर्ष वाया गेलं. तुम्ही तसं करू नका. दोन-तीन भेटींनंतरही मोकळं वाटत नसेल तर 'मला दुसऱ्या कुणाशी बोलून बघायचं आहे, थांबते' एवढा मेसेज पुरे. कारण द्यावं लागत नाही.

आता चौथा फोन. जेवणाच्या सुट्टीत करा, आणि हे कागदावर लिहून समोर ठेवा: 'नमस्कार, मला डॉक्टरांनी तुमचा नंबर दिला आहे. सेशनची फी किती, किती वेळाचं असतं, आणि संध्याकाळी साडेसहानंतर वेळ मिळेल का? माझं बजेट दीड हजाराच्या आत आहे. मला मराठीत बोलायचं आहे.' बाबांचं काहीच सांगू नका. फोनवर त्याची गरज नाही. उचलला नाही तर हेच व्हॉट्सॲपवर पाठवा, आम्ही सेशनमध्ये असलो की फोन घेत नाही.

समोर जाऊन बसलात की मात्र क्लेमच्या टेबलाचं सांगा. पत्रात ते तुम्ही एका ओळीत उरकलंत. दिवसभर कुणाचे तरी बाबा, कुणाची आई गेलेली माणसं मृत्यूचा दाखला आणि पासबुक घेऊन तुमच्या काउंटरला येतात, आणि तुम्ही त्यांना नॉमिनीची सही कुठे करायची ते दाखवता. तुमच्या बाबांचा दाखला हातात आल्यानंतर हे पहिल्यांदा केलंत तो दिवस कसा गेला, तिथून सुरुवात करा.